मॅच्युअर म्हणजे पिकलेला नव्हे

१ ऑगस्ट, शुक्रवार. दुपारी ३.
रोजनिशी सुरू. ही मी फक्त माझ्यासाठी लिहितोय. थोर माणसांच्या रोजनिश्या पुढे छापल्या जातात हे निराळं. तो विचार आत्ता नको.

झालं असं की आज तेंग मॅडमनी आम्हा सगळ्या शिक्षकांना बोलावलं. ऑक्टोबरपासून आमच्या क्लासमध्ये प्रौढ विभाग सुरू होणार. पोरांना इंग्रजी शिकवणारे क्लास तैनान शहरात गल्लोगल्ली झालेत, मोठ्यांकडे कुणी बघत नाही, असं त्यांचं म्हणणं. विभागाला प्रमुख हवा. उमेदवार दोन : मी आणि युन-आन. दोघांनी एकेक नमुना तास घ्यायचा, २० सप्टेंबरला. माझा विषय : माणसाच्या मोठेपणाचं वर्णन करणारे इंग्रजी शब्द.

युन-आन सव्वीस वर्षांची. मी सदतीस. मोठेपणावर बोलायला कोण लायक, हे सांगायला ज्योतिषी नको. प्रमुखाची खुर्ची कुठे ठेवायची तेही मनात ठरवलं. खिडकीपाशी, एसीच्या खाली.

संकल्प :
रोज एक शब्द. पन्नास दिवसांत पन्नास.
सकाळी सहाला उठणे.
माझ्या कपड्यांच्या घड्या आईला घालू न देणे.

ता. क. तिसरा संकल्प सोमवारपासून. दोरीवर आत्ता बरेच कपडे आहेत.

२ ऑगस्ट, शनिवार. ९.५०.
उठलो. गजर वाजला होता म्हणे. 'दमलेलं पोर झोपू दे' म्हणून आईनेच बंद केला. चूक कोणाची ते उघड आहे.
आजचा शब्द : रिस्पॉन्सिबल. जबाबदार.

३ ऑगस्ट. रविवार. रविवारी शब्द नाही.

६ ऑगस्ट, बुधवार.
चाचपणी म्हणून तेंग मॅडमनी बुधवारी सकाळी मोठ्यांसाठी फुकट तास ठेवलाय. सहाजण येतात. आज 'मॅच्युअर' घेतला. विषयाचा कणाच तो.

आपल्याकडे पपई पिकली तरी छेंग-शू आणि माणसाला समज आली तरी छेंग-शू. दोघांना मिळून एकच शब्द, काटकसरीचा कारभार. इंग्रजीत तसं नाही. फळ राइप, माणूस मॅच्युअर. हे मी फळ्यावर चित्र काढून समजावलं. तरी चहाच्या दुकानवाल्या बाईंनी वहीत लिहिलंच, 'माय हजबंड इज व्हेरी राइप.' मी खोडायला गेलो तर म्हणाल्या, "राहू द्या सर. तुम्ही त्यांना बघितलं नाहीये."

लिआओ आजोबा पहिल्या बाकावर बसतात. बहात्तर वर्षांचे. उभी हयात रेल्वेत इंजिन चालवलं. त्यांनी विचारलं, "सर, पपई पिकली हे कळतं कसं?"
"दाबून बघायचं. वास येतो."
"आणि माणूस?"
"त्याला इतर लोक सांगतात."
"तुम्हाला कुणी सांगितलं?"
तास तिथेच संपवावा लागला. चार मिनिटं आधी. म्हाताऱ्या माणसांना फार ताणू नये.

९ ऑगस्ट, शनिवार.
वान-रूचा वाढदिवस. चौतिसावा. वान-रू आणि मी सहा वर्षं बरोबर आहोत. स्टेशनजवळच्या औषधांच्या दुकानात ती फार्मासिस्ट आहे. भेट म्हणून हाताने बनवलेलं कार्ड. सोनेरी शाईत : 'टु माय मॅच्युअर लेडी.'

तिने कार्ड उघडलं. मिटलं. परत उघडलं.
"कुआन-तिंग, आमच्या दुकानात एक क्रीम येतं. डबीवर इंग्रजीत लिहिलेलं असतं, मॅच्युअर स्किनसाठी. ते मी कुणाला विकते, माहितेय?"
"समजूतदार बायकांना?"
"पन्नाशीच्या पुढच्या."

दोष शब्दाचा आहे, माझा नाही. टीप करून ठेवली : बाईच्या बाबतीत हा शब्द जपून. नमुना तासात घेणे. सांगायचं म्हणजे, वाढदिवस वाया गेला नाही.

१० ऑगस्ट, रविवार.
वान-रूचा फोन. रागावलेली नव्हती. काओश्युंगच्या एका हॉस्पिटलात तिला नोकरी मिळालीये. ऑक्टोबरच्या मध्याला हजर व्हायचंय. म्हणाली, "मी जाणारच आहे. तू काय करणार ते सांग. मूनकेकच्या सणापर्यंत सांग."

सण पौर्णिमेला, ६ ऑक्टोबरला. समजूतदार माणूस मुदत देतो ती पाळण्यासाठी नसते, विचार करण्यासाठी असते. घाईघाईने उत्तर देणं हे पोरकटपणाचं लक्षण आहे. काओश्युंग काही चंद्रावर नाही. गाडीने पाऊण तास. पण तिथली हवा मला सोसत नाही. शिवाय आईला एकटीला कसं सोडायचं?

(आई घरी नव्हती. तिच्या नाचमंडळाबरोबर कॅरमल पुडिंग खायला गेली होती. परत आली ती गात.)

१५ ऑगस्ट, शुक्रवार.
नेतृत्व म्हणजे कुणी सांगायची वाट न बघणं. प्रौढ विभागाचा बॅनर मी स्वतःच करून घेतला. काळ्यावर लाल अक्षरं, मधोमध हाताची घडी घातलेला माझा फोटो. सगळा मजकूर इंग्रजीत, म्हणजे दर्जा कळतो :

ॲडल्ट क्लासेस!
मॅच्युअर टीचर!
ओन्ली फॉर ग्रोन-अप्स!
प्रायव्हेट लेसन्स ऑल्सो!

पन्नासपैकी तीन शब्द एकाच बॅनरवर. क्लासच्या दारावर लावला. तेंग मॅडम तायपेईला गेल्यात. परत आल्या की थक्क होतील.

१६ ऑगस्ट, शनिवार.
बॅनर गाजतोय. दोन परदेशी पोरं जाता जाता थांबली. वाचलं, आणि एकमेकांच्या खांद्याला धरून हसली. हे लोक मोकळे असतात. चांगलं काही दिसलं की लगेच दाद देतात, आपल्यासारखं मनात ठेवत नाहीत. माझ्यासोबत फोटो काढला. एकाने पाठ थोपटून 'गुड लक, मॅन' म्हटलं.

फोन अकरा. सगळे पुरुषांचे. सगळ्यांनी शिक्षक कोण ते विचारलं. मीच, असं सांगितल्यावर सगळ्यांनी ठेवून दिला. तैनानच्या पुरुषांत अजून शिकण्याची लाज आहे.

१८ ऑगस्ट, सोमवार.
युन-आनने मला झेरॉक्स मशीनमागे नेलं आणि कान लाल करून सांगितलं की इंग्रजीत ॲडल्ट आणि मॅच्युअर हे शब्द असे पाटीवर शेजारीशेजारी आले की त्यांचा एक वेगळाच अर्थ होतो. कुठला, ते तिला तोंडाने सांगवेना. फोनवर लिहून दाखवलं.

तेंग मॅडम स्टेशनवरून थेट आल्या आणि स्टुलावर चढून स्वतःच्या हाताने बॅनर उतरवला. "फान सर, खाली पहिली-दुसरीची मुलं येतात हो! त्यांचे आईबाप विचारताहेत!"

मी म्हटलं, शब्दकोशात पहिला अर्थ 'वयाने मोठा' असाच आहे. त्या म्हणाल्या, शब्दकोश माझ्या दारावर टांगू नका.

काळाच्या पुढे असण्याची किंमत मोजावी लागते. बॅनर घरी आणलाय. मागची बाजू कोरी आहे.

२९ ऑगस्ट, शुक्रवार. दुपारी १.
गुडघा सुजलाय. पण मन शांत.

कालच जेवताना शब्द काढला होता, 'कमिंग ऑफ एज'. वयात येणं, मोठ्यांत जमा होणं. आईला म्हटलं, इंग्रजांकडे नुसता शब्द आहे, आपल्या तैनानात विधीच आहे. सातव्या महिन्याच्या सप्तमीला सोळा वर्षांची पोरं देवळात जातात, सप्तमातांच्या पूजेच्या टेबलाखालून रांगत बाहेर पडतात आणि मोठी होतात. आई भात वाढता वाढता म्हणाली, "तुझं कुठे झालं? तुझी परीक्षा होती. म्हटलं पुढच्या वर्षी करू. मग राहूनच गेलं."

एकवीस वर्षं कुणी मला सांगितलं नाही! म्हणजे माझ्यात कुणाला काही कमी वाटत असेल, तर तो कागदपत्रांतला घोळ आहे. आणि सप्तमी नेमकी आज.

सकाळी नऊला देवळात. रांगेत चाळीसेक पोरं, सगळी मुकुट घालून. नाव लिहून घेणाऱ्या काकांनी विचारलं, "मुलगा कुठाय तुमचा?"
"मीच."
"मीच म्हणजे?"
"मीच मुलगा."
काकांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "नियमात कमीत कमी वय आहे. जास्तीचा नियम कुणी केला नाही. कुणाला वाटलं असतं?"

मुकुट बसला नाही, तो हातात धरला. टेबलाखालून तीनदा जायचं असतं. पहिल्या फेरीत कंबर पार झाली. दुसऱ्या फेरीत पाठीवरची बॅग कशाला तरी अडकली आणि मी पुढे जाईना, मागेही येईना. मागे पोरांची रांग खोळंबली. सेवेला असलेल्या एका आजीबाईंनी माझे दोन्ही पाय धरले आणि रांगेला ओरडून सांगितलं, "थांबा रे! अर्धा मोठा झालाय, अर्धा राहिलाय!"

मागे ओढून काढलं. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या फेरी उलटी झाली. पण प्रमाणपत्र मिळालं. 'सोळा वर्षे पूर्ण' असं छापील आहे. सदतीस म्हणजे सोळा पूर्ण झालेलेच असतात. लॅमिनेट करून घेतलं.

वान-रूला फोटो पाठवला. तिचं उत्तर : 'अभिनंदन. आता मतदान कर.'
तिची विनोदबुद्धी शाबूत आहे. लक्षण चांगलं.

५ सप्टेंबर, शुक्रवार.
आई नाचमंडळाबरोबर चार दिवस अलिशानला गेली. मी म्हटलं, खुशाल जा. हा माझा स्वावलंबन सप्ताह. शब्द : इंडिपेंडंट.

राइस कुकरमध्ये भात लावला. पाणी नंतर घालायचं असतं असा माझा समज होता. कुकर तसा टिकाऊ नसावा.

६ सप्टेंबर, शनिवार.
आईला सहा वेळा फोन केला. समन्वय हा जबाबदारीचाच भाग आहे. (वॉशिंग मशीनची पावडर कुठे. मोजे कुठे. आंघोळीचं गरम पाणी कुठून सुरू होतं. पावडर परत कुठे.) सहाव्या वेळी तिने फोन तिच्या मैत्रिणीकडे दिला. ती म्हणाली, "पोरा, तुझी आई डोंगर बघतेय. तू भिंत बघ. भिंतीवर तिने चिठ्ठी लावलीये."

खरंच होती. चार चिठ्ठ्या होत्या.

७ सप्टेंबर, रविवार.
कचरागाडी उद्या. कोपऱ्यावरच्या दुकानातून टर्की-भात आणला. चविष्ट. तीन रिकामे डबे, नऊ बाटल्या, जळका भात. सगळं बाल्कनीत नीट रचलंय. माणूस नीटनेटका असला की एकटाही छान राहतो.

८ सप्टेंबर, सोमवार.
संध्याकाळी कचरागाडीचं गाणं ऐकू आलं. पिशव्या घेऊन धावलो. गाडी पुढे, मी मागे, दोन गल्ल्या. शेवटी एका सिग्नलला गाठलीच. गाडीवरची बाई म्हणाली, "हे डबे वेगळे, बाटल्या वेगळ्या, उरलेलं अन्न वेगळं. घरी कोण करतं हे?"
"आई."
"मग आईला पाठवा."
पिशव्या परत आणल्या. आई तेवढ्यात आली होती. तिने अर्ध्या मिनिटात वेगळ्या केल्या. मला तिच्या कामात ढवळाढवळ करायची नव्हती.

१३ सप्टेंबर, शनिवार.
वान-रूबरोबर बीफ सूप. तिने फोनवर काओश्युंगच्या घरांचे फोटो दाखवले. एकाला छोटी गच्ची आहे, तिथे तुझा तो सुकलेला कॅक्टस ठेवता येईल, म्हणाली. मी तिला आजचे शब्द समजावले. सेटल डाउन म्हणजे स्थिरस्थावर होणं, घर मांडणं. सेटल फॉर म्हणजे मनासारखं मिळालं नाही तर मिळालं त्यात भागवणं. बघ, शेपटाचा एक शब्द बदलला की आयुष्य बदलतं.

ती सूप ढवळत राहिली. मग म्हणाली, "दुसरा परत सांग."
परत सांगितला. तिने मनातल्या मनात म्हणून बघितला.
शब्दसंग्रहाची तिला गोडी लागतेय.

१९ सप्टेंबर, शुक्रवार.
शब्द झाले अठरा. पन्नास ही संख्या मुळात फार होती. दर्जा महत्त्वाचा. नमुना तासाची तयारी पूर्ण. नवा शर्ट. आईने इस्त्री केला. (माझ्या सूचनेनुसार.)

२० सप्टेंबर, शनिवार. दुपारी २.
तास झाला. एका शब्दात : अविस्मरणीय.

वीस माणसं. तेंग मॅडम मागे वही घेऊन. सुरुवात झकास. 'सीझन्ड' म्हणजे मुरलेला, लोणच्यासारखा, हे सगळ्यांना पटलं. मग मी फळ्यावर दोन शब्द लिहिले, चाइल्डिश आणि चाइल्डलाइक. म्हटलं, दोन्हींत मूल आहे. पण पहिला शब्द म्हणजे शिवी, दुसरा म्हणजे कौतुक. मोठा माणूस पोरकट असला तर चाइल्डिश, मनाने निर्मळ असला तर चाइल्डलाइक. कुणाला शंका?

शेवटच्या रांगेतून हात वर आला. आई.

मला कल्पना नव्हती. नाचमंडळात कुणीतरी पत्रक वाटलं होतं म्हणे. उठून उभी राहिली आणि खणखणीत इंग्रजीत म्हणाली, "टीचर, आय हॅव क्वेश्चन." पुढचं आपल्या भाषेत. "समजा एक माणूस आहे. वय सदतीस. कारल्याची भाजी केली की फोडी भाताखाली लपवतो आणि वाडगा पालथा घालतो. तो यातला कुठला?"

वर्गात एकदम जान आली. इतका वेळ नुसतं ऐकत होते. चहावाल्या बाई म्हणाल्या, एवढ्यावर ठरवता येणार नाही, अजून सांगा.

"अंग जरा कोमट लागलं की डोळे मिटून पडतो आणि आपल्यामागे आपली पुस्तकं कुणाला द्यायची ते सांगतो."
"चाइल्डिश," दोघंतिघं म्हणाले.
"पण मी आजारी पडले तेव्हा रात्रंदिवस खाटेशी बसला. औषध चुकीचं दिलं, पण उठला नाही."
"चाइल्डलाइक?" कुणीतरी पुटपुटलं.

लिआओ आजोबांनी विचारलं, "लग्न झालंय का त्याचं?"
"नाही. एक मुलगी आहे. फार चांगली. सहा वर्षं वाट बघतेय. याला वाटतं, बसची बघतेय."

वर्ग इतका हसला की शेजारच्या वर्गातून भिंतीवर थाप आली. मी तटस्थ राहिलो. शिक्षकाने व्यक्तिगत होऊ नये. लिआओ आजोबांनी सुचवलं, हात वर करून ठरवू. चाइल्डिशला एकोणीस हात. चाइल्डलाइकला एक. तो आईचा.

बहुमताप्रमाणे मी फळ्यावर खूण केली. अक्षर जरा वाकडं आलं.

घंटा झाली. लोक उठले तसं आई तिथूनच ओरडली, "कुआन, डबा तुझ्या स्कूटरवर अडकवलाय. कारलं नाहीये!"

मग जे हसले ते मी जिना उतरून जाईपर्यंत हसत होते.

वर्गाचा उत्स्फूर्त सहभाग : शंभर टक्के. युन-आनच्या तासाला कुणी एवढं हसलं नाही.

२२ सप्टेंबर, सोमवार.
प्रौढ विभाग युन-आनकडे गेला. तेंग मॅडम म्हणाल्या, "फान सर, शनिवारचा तास मी जन्मात विसरणार नाही." (लिहून घेतलं.) "तुम्ही लहान मुलांत जास्त शोभता. बालविभाग घ्या. तिथे प्रमुखपद नाही, पण खेळणी आहेत."

बालविभाग हा खरं तर कुठल्याही शिक्षणाचा पाया. खुर्ची छोटी आहे, इतकंच.

युन-आनने येऊन विचारलं, तुमच्या टिपणांतले शब्द वापरू का. दिले. ती म्हणाली, सेटल फॉरचं उदाहरण फार छान लिहिलंय. ते उदाहरण मी लिहिलं नव्हतं. वान-रूने वहीच्या कडेला लिहून ठेवलं होतं. कधी ते आठवत नाही. घाईत वाचलं नाही. युन-आन वही घेऊन गेली.

१ ऑक्टोबर, बुधवार.
सणाला पाच दिवस. वान-रूला काय सांगायचं त्याचा मसुदा केला. निवडक बारा शब्द. कमिटमेंट दोनदा येतोय, एकदा काढावा. पाठ करायला घेतलं.

६ ऑक्टोबर, सोमवार. मूनकेकचा सण.
वान-रूच्या मामाच्या दारात, रस्त्यावर शेगडी मांडून मांस भाजणं चाललं होतं. सगळी गल्ली धुराने भरलेली. मामा पपनस सोलत होता आणि सालीच्या टोप्या करून शेजाऱ्यांच्या पोरांच्या डोक्यावर घालत होता. माझ्याही घातली.

मसुदा खिशात होता. पंख्याने निखारा फुलवता फुलवता वान-रू म्हणाली, "गच्चीवालं घर अजून आहे. दोघांना पुरेल. मालकीण उद्या उत्तर मागतेय. येतोस?"

प्रश्न इतका साधा असेल अशी माझी तयारीच नव्हती. बारा शब्दांपैकी एकही त्यात बसेना. आणि तोंडातून आपोआप निघालं, "आईला विचारून सांगतो."

मामाचा सुरा थांबला. वान-रूने माझ्याकडे बघितलं. मग हसली. खूप हसली. डोळ्यांतून पाणी आलं तिच्या. धूर फार होता.
"बरं," म्हणाली.

बरं म्हणाली. म्हणजे जमलं. उद्या सकाळी आईला विचारतो.

७ ऑक्टोबर, मंगळवार. सकाळी ११.
आईला विचारलं. ती सोयामिल्क गाळत होती. गाळणं तसंच हातात धरून म्हणाली, "मी हो म्हटलं तर जाशील?"
"हो."
"नको म्हटलं तर राहशील?"
"म्हणजे... हो."
"मग यात तू कुठे आहेस, कुआन?"

मी म्हटलं, तू एकटी पडशील. तिने गाळणं खाली ठेवलं. "अरे, तुझी खोली रिकामी झाली की नाचाचा सराव घरीच घेणार म्हणून मंडळात जूनपासून सांगून ठेवलंय मी. आरसाही बघून ठेवलाय. तू राहतोस म्हणून मी राहते, आणि मी एकटी पडेन म्हणून तू राहतोस. दोघं मिळून वेडे आहोत. जा. हो म्हणून सांग तिला."

ताबडतोब फोन लावला. म्हटलं, "आईची परवानगी मिळाली!"

मग वान-रू म्हणाली, "मी सकाळी सही केली."
"गच्चीवाल्या घरावर?"
"नाही. दुसऱ्या. एका खोलीच्या."
"खोली मोठी आहे?"
"एका माणसाची आहे, कुआन-तिंग."

मग तिनेच समजावल्यासारखं सांगितलं. चिडलेली नव्हती. चिडली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं. म्हणाली, "सहा वर्षं दोघांचं घर बघत होते. काल शेगडीपुढे हसले ना, तेव्हा कळलं की मला आता राग येत नाही. राग येत होता तोवर बरं होतं."

मी मसुदा उघडला. वाचला नाही.

ती म्हणाली, "रविवारी सामान हलवायचंय. चौथा मजला, लिफ्ट नाही. येतोस मदतीला?"
येतो म्हणालो. कुणाला न विचारता.

८ ऑक्टोबर, बुधवार.
शब्द नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार.
विचार केला. सामान हलवायला बोलावणं ही साधी गोष्ट नाही. परक्याला कुणी बोलावत नाही. चार मजले म्हणजे जिन्याची आठ वळणं. प्रत्येक वळणावर दोन वाक्यं बोलली तरी खूप होतं. इंग्रजी अजिबात नाही. उद्या सहाला उठणे.

१२ ऑक्टोबर, रविवार. संध्याकाळी ६. परतीच्या गाडीत.
सहाला उठलो. गजराच्या आधी. आई झोपली होती. दार आवाज न करता ओढून घेतलं.

अकरा खोकी. सगळ्यांवर तिचं सुबक अक्षर : भांडी, पुस्तकं, हिवाळा. पहिली चार खोकी आम्ही दोघांनी मिळून नेली. बोलायला दम उरत नव्हता. वळणं आठ होती खरी, पण प्रत्येक वळणावर ती म्हणायची, "डावीकडून, डावीकडून," आणि मी म्हणायचो, "धरलंय."

दुसऱ्या मजल्यावर एकदा टेकलो. ती पायरीवर बसली, मी खोक्यावर. केस मानेला चिकटले होते तिचे. तिने पाण्याची बाटली दिली. मी म्हटलं, "वान-रू, मी यायला हवं होतं." सगळ्या वळणांचं धरून एवढंच वाक्य जमलं. ती म्हणाली, "हो." बाटली परत घेतली, झाकण लावलं.

खोली चांगली आहे. पूर्वेला खिडकी. एक खाट, एक टेबल, एक खुर्ची. मी टेबलाचा डुगडुगणारा पाय पुठ्ठा घालून नीट केला. डुगडुगायचं थांबलं. तिने हात टेकवून बघितलं आणि म्हणाली, "वा."

नऊ खोकी झाली तेव्हा समोरच्या दारातून एक मावशी डोकावल्या. हातात सोललेले पेरू. एक वान-रूला दिला, एक मला. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून तिला विचारलं, "नवरा का गं?"

मी वान-रूकडे बघितलं. तिने पेरूचा घास संपवला.
"नाही मावशी. तैनानचे मित्र आहेत. मदतीला आलेत."
"चांगली माणसं मिळतात कुठे आजकाल," मावशी म्हणाल्या, आणि मला अजून एक पेरू दिला.

खाली दोन खोकी उरली होती. ती मी वर नेली.